मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड आणि ग्रँट मेडिकल कॉलेजची पहिली तुकडी

आपल्या मंडळातल्या घरांत जीएमसी म्हटले की दोन वेगळ्या जागा आठवतात. नार्वे, डिचोली, पेडणे या बाजूला राहणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बांबोळीचे गोमेकॉ येते. मुंबईत दोन-तीन पिढ्या काढलेल्या घरांना भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला लागून असलेले जे. जे. रुग्णालय आठवते. दोन्ही संस्थांचा जन्म अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने झाला. त्यांतल्या दुसरीच्या अगदी पहिल्या तुकडीत पेडणे महालातला एक मुलगा होता. तो पुढे मुंबईतला नामवंत डॉक्टर झाला, प्राचीन भारताच्या इतिहासाचा अभ्यासक झाला आणि दोन वेळा मुंबईचा शेरीफही झाला. त्याचे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. सगळे जग त्याला डॉ. भाऊ दाजी म्हणून ओळखते.

राणीच्या बागेतल्या संग्रहालयावर हे नाव आपण सर्वांनी वाचलेले असते. पण ते नाव आपल्या मांद्र्याचे, आणि त्यामागचा माणूस मुळात डॉक्टर होता, हे मंडळातल्या नव्या पिढीला फारसे माहीत नसते. म्हणून हा लेख.

मांद्रे ते मुंबई

भाऊंचा जन्म १८२२ सालचा. काही ठिकाणी १८२४ असेही दिलेले आढळते. जुन्या लिखाणात गावाचे नाव मांजरे असे येते. ते आजचे पेडण्यातले मांद्रे. गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंब, घरची परिस्थिती बेताची. पेडणे आणि डिचोली हे भाग पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. म्हणून त्यांना नव्या काबिजादी म्हणत. तिसवाडी, बारदेश, सासष्टी या जुन्या काबिजादींसारखी इथली देवळे पाडली गेली नाहीत आणि घरांतला मराठीचा व्यवहारही चालू राहिला. पण पोर्तुगीज शिक्षणाची दारे पणजी-मडगावाकडे होती आणि नोकरीधंद्याला फारसा वाव नव्हता. त्यामुळे पेडण्याच्या माणसाची नजर साहजिकच उत्तरेला, मुंबईकडे वळायची. आपल्यापैकी किती घरांचा इतिहास याच वाटेने गेला आहे, हे वेगळे सांगायला नको.

भाऊंचे वडील विठ्ठल, म्हणजेच दाजी, मुंबईला आले. मातीच्या मूर्ती आणि बाहुल्या करून विकायच्या, हा त्यांचा चरितार्थ. मुलगा मात्र बुद्धिबळात विलक्षण तरबेज निघाला. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी त्याचा खेळ पाहिला आणि या मुलाला इंग्रजी शिकवा असा सल्ला वडिलांना दिला, अशी हकीकत चरित्रकार सांगतात. क्लेअर १८३१ ते १८३५ या काळात गव्हर्नर होते, म्हणजे भाऊ तेव्हा दहा-बारा वर्षांचे असतील. मूर्तिकाराच्या मुलाने इंग्रजी शिकायचे म्हणजे घरातला कामाचा एक हात कमी व्हायचा. तरीही दाजींनी ते मानले. भाऊ एल्फिन्स्टन संस्थेत शिकले आणि पुढे तिथेच शिक्षक झाले.

याच काळात सरकारने एक निबंध स्पर्धा लावली होती. विषय होता काठेवाड आणि कच्छमधल्या बालिकाहत्येचा. जन्मलेल्या मुलीला मारून टाकण्याची ही चाल काही घराण्यांत रूढ होती. भाऊंच्या निबंधाला बक्षीस मिळाले. नोकरी होती, नाव होऊ लागले होते. एखादा तिथेच स्थिरावला असता. भाऊ मात्र पुन्हा विद्यार्थी झाले.

दोन वैद्यकीय शाळा

इथे थोडे थांबून त्या काळातल्या वैद्यकीय शिक्षणाकडे पाहायला हवे.

गोव्यात युरोपीय वैद्यकीचे वर्ग जुन्या गोव्यातल्या राजरुग्णालयात बऱ्याच आधीपासून अधूनमधून भरत असत. त्यांना कायमचे रूप आले ते ५ नोव्हेंबर १८४२ रोजी. गव्हर्नर कोंद दास आंतास यांनी एस्कोला मेदिको-सिरूर्जिका, म्हणजे वैद्यक आणि शल्यविद्येची शाळा, स्थापन केली. शिक्षण पोर्तुगीज भाषेतून होते. त्यामुळे मराठीत अक्षरे गिरवलेल्या पेडणे-डिचोलीच्या हिंदू मुलाला तिथे शिरणे सोपे नव्हते. सुरुवातीच्या काळात तिथे शिकलेले डॉक्टर प्रामुख्याने जुन्या काबिजादींतल्या ख्रिस्ती घराण्यांतले होते. त्यांतले अनेक जण पुढे पोर्तुगीज सरकारच्या चाकरीत आफ्रिकेत, मोझांबिक आणि अंगोलापर्यंत गेले.

मुंबईची कथा वेगळी. तिथे १८२६ मध्ये देशी मुलांसाठी एक वैद्यकीय शाळा निघाली होती, पण ती जेमतेम सहा वर्षे चालली आणि १८३२ मध्ये बंद पडली. १८३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या सर रॉबर्ट ग्रँट यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. आधीची शाळा का बुडाली, लोकांना असे शिक्षण हवे आहे का, वैद्य-हकीम काय म्हणतात, याची त्यांनी चौकशी करवली. योजना तयार झाली, पण ती पाहायला ग्रँट राहिले नाहीत. १८३८ मध्ये दापोडीला त्यांचे निधन झाले. तेव्हा मुंबईच्या नागरिकांनी त्यांचे स्मारक म्हणून वैद्यकीय महाविद्यालयच काढायचे ठरवले आणि वर्गणी गोळा केली. जमशेटजी जिजीभाईंनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले. १८४३ मध्ये पायाभरणी झाली. १८४५ च्या मे महिन्यात रुग्णालय सुरू झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्रँट मेडिकल कॉलेज. डॉ. चार्ल्स मोरहेड हे पहिले प्राचार्य.

कॉलेज आणि रुग्णालय शेजारी-शेजारी असणे हे या संस्थेचे बळ होते. सकाळी खाटेवरचा रोगी पाहायचा, त्याची लक्षणे टिपायची, दिलेल्या औषधाचा परिणाम रोजच्या रोज लिहायचा, आणि रोगी दगावला तर शवविच्छेदन करून आपले निदान बरोबर होते की चुकले ते तपासायचे. मोरहेड यांचा भर या नोंदींवर होता. पुस्तकात काय लिहिले आहे याला महत्त्व होतेच, पण शेवटचा शब्द रोग्याच्या शरीराचा.

आज हे साधे वाटते. त्या वेळच्या हिंदू घरात मात्र प्रेताला हात लावणे म्हणजे विटाळ होता, आणि चिरफाड करणे तर त्याहून मोठा. शिकून घरी आलेल्या मुलाला पंक्तीत बसवायचे की नाही यावरून जाती-जातींत वाद होत. त्यामुळे या कॉलेजात नाव घालणारा प्रत्येक हिंदू विद्यार्थी अभ्यासाआधी एक वेगळीच परीक्षा देऊन आलेला असे.

१८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. आठ जणांना पदवी मिळाली. त्यांना ग्रॅज्युएट ऑफ ग्रँट मेडिकल कॉलेज, थोडक्यात जी. जी. एम. सी. म्हणत. मुंबई विद्यापीठ निघायला अजून सहा वर्षे अवकाश होता, म्हणून पदवी कॉलेजच्या नावानेच. या पहिल्या तुकडीत भाऊंबरोबर आत्माराम पांडुरंग तर्खडकर होते, ज्यांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला. गोमंतकीय जुझे कामील लिस्बोआही याच तुकडीतले. त्यांनी पुढे मुंबई इलाख्यातल्या गवतांवर मोलाचे वनस्पतिशास्त्रीय काम केले. म्हणजे गोव्याच्या दोन धर्मांतली दोन मुले, पणजीची शाळा बाजूला ठेवून, भायखळ्यात एकाच बाकावर भेटली.

दोन्ही शाळांच्या वाट्याला एक दुखणे मात्र सारखे आले. गोव्याच्या शाळेतून निघालेल्यांना खुद्द पोर्तुगालमध्ये बरोबरीची मान्यता नव्हती. मुंबईच्या पदवीधरांना सरकारी नोकरी मिळे ती सब-असिस्टंट सर्जनची, म्हणजे गोऱ्या डॉक्टरच्या हाताखालची. ज्ञान सारखे असूनही दर्जा खालचा. भाऊंनी स्वतंत्रपणे मुंबईत दवाखाना थाटायचे ठरवले.

दवाखाना

दवाखाना थोड्याच दिवसांत जोरात चालू लागला. धनिक घराण्यांतून बोलावणी येऊ लागली आणि भाऊंनी चांगला पैसा मिळवला. धाकटे भाऊ नारायण दाजी हेही ग्रँट मेडिकल कॉलेजातूनच डॉक्टर झाले. दोघा भावांनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखानाही चालवला. नारायण दाजींना छायाचित्रणाचा नाद होता. मुंबईच्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांत त्यांचे नाव घेतले जाते. कॅमेरा तेव्हा अगदी नवा होता. आहे तसे टिपून ठेवायचे, ही सवय दोघा भावांत सारखीच दिसते.

भाऊंनी संस्कृत वैद्यक ग्रंथांचा अभ्यास सुरू केला. त्या काळात इंग्रजी शिकलेल्यांचे साधारण दोन पक्ष पडत. एक म्हणे, जुन्या वैद्यकात काही अर्थ नाही. दुसरा म्हणे, सगळे आपल्या ग्रंथांत आधीच सांगून ठेवले आहे. भाऊ दोन्ही पक्षांत गेले नाहीत. ग्रंथात एखाद्या वनस्पतीचा गुण सांगितला असेल तर ती मिळवायची, ओळख पटवायची, रोग्याला द्यायची आणि काय होते ते पाहायचे. गुण आला तर ठेवायचे, नाही तर सोडायचे. मोरहेड यांच्या वॉर्डात घेतलेले वळण त्यांनी आपल्याच परंपरेला लावले.

त्यांनी सर्वांत जास्त लक्ष घातले ते कुष्ठरोगात. हा रोग झाला की माणूस घराबाहेर, गावाबाहेर जायचा. औषध नाही, आणि रोगाचे कारणही कोणाला ठाऊक नाही. भाऊंनी अशा रोग्यांवर अनेक वर्षे उपचार केले आणि काहींना गुण आल्याने त्यांचे नाव दूरवर गेले. पण औषध कोणते ते त्यांनी जाहीर केले नाही. पुरते सिद्ध झाल्याशिवाय ते उघड करू नये, अशी त्यांची भूमिका होती. त्यावर टीकाही झाली. नव्या वैद्यकाचा नियम असा की औषध उघड करावे, म्हणजे दुसरा डॉक्टर ते वापरून खरे-खोटे ठरवू शकेल. गुप्त औषध ही जुन्या वैद्यांची रीत. नव्या विद्येत वाढलेल्या भाऊंनी या एका बाबतीत तीच रीत धरली, असे त्यांच्या समव्यवसायी डॉक्टरांना वाटले. हा आक्षेप आजही दुर्लक्षून चालणार नाही.

न्यायालयातली साक्ष

१८६२ साली मुंबईत एक खटला फार गाजला. करसनदास मुळजी या गुजराती सुधारकाने आपल्या सत्यप्रकाश या पत्रात वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या अनाचारावर टीका केली होती. जदुनाथजी महाराजांनी त्याच्यावर पन्नास हजार रुपयांच्या अब्रुनुकसानीचा दावा लावला. संप्रदायाचे अनुयायी म्हणजे मुंबईतले बडे भाटिया आणि वाणी व्यापारी. महाराजांविरुद्ध साक्ष देणाऱ्याला वाळीत टाकण्याची तयारी झाली होती.

भाऊ दाजी साक्षीला उभे राहिले. संप्रदायातल्या महाराजांवर उपचार करताना गुप्तरोगाची जी लक्षणे दिसली, ती त्यांनी शपथेवर सांगितली. आणखी एका भारतीय डॉक्टरने, धीरजराम दलपतराम यांनी, अशीच साक्ष दिली. एप्रिल १८६२ मध्ये निकाल मुख्यतः करसनदासच्या बाजूने लागला.

डॉक्टरने रोग्याचे गुपित चव्हाट्यावर आणावे का, हा प्रश्न इथे उभा राहतोच. तो तेव्हाही होता. पण ज्यांच्या चारित्र्याच्या बळावर हजारो कुटुंबे, विशेषतः त्यांतल्या बायका-मुली, डोळे मिटून विश्वास टाकत होत्या, त्यांच्याबद्दलचे सत्य न्यायालयात विचारले गेले असता भाऊंनी ते लपवले नाही. त्यात त्यांचा फायदा कसलाच नव्हता. ज्या सधन वस्तीतून दवाखान्याला मोठी बोलावणी येत, तिचाच रोष त्यांनी ओढवून घेतला.

नाणी, ताम्रपट, शिलालेख

दिवसभर रोगी पाहायचे आणि उरलेल्या वेळात जुनी नाणी, पोथ्या आणि शिलालेखांचे ठसे घेऊन बसायचे, असा भाऊंचा क्रम होता. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचे अनेक लेख आले. अजिंठ्याच्या लेण्यांतले लेख त्यांनी वाचले, जुनागढचा रुद्रदामनाचा शिलालेख अभ्यासला, अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या लेखावर लिहिले. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या वंशजांचा उल्लेख असलेला शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याची माहिती त्यात मिळते. तो अभ्यासकांपुढे आणण्याचे श्रेय भाऊंचे.

एक छोटे उदाहरण त्यांची पद्धत दाखवायला पुरेसे आहे. आर्यभट या गणितीचे नाव बरेच जण आर्यभट्ट असे लिहितात, आजही लिहितात. भाऊंनी आर्यभटीयाच्या हस्तलिखित प्रती मिळवल्या, इतर ग्रंथकारांनी ते नाव कसे लिहिले ते पाहिले, आणि आर्यभट हेच रूप खरे असे १८६५ च्या आपल्या लेखात दाखवून दिले. ग्रंथकाराने आपल्या वयाचा जो उल्लेख केला आहे त्यावरून त्याचा काळही त्यांनी ठरवला. ऐकीव माहिती बाजूला ठेवून मूळ प्रत पाहायची, हे तंत्र वॉर्डातल्या निदानाचेच.

सगळीच निदाने बरोबर येत नाहीत, तसेच इथेही झाले. कवी कालिदास आणि काश्मीरचा राजा मातृगुप्त हे एकच, असे त्यांनी मांडले होते. पुढच्या विद्वानांनी ते मान्य केले नाही. पण भाऊंनी आपली कारणे छापून ठेवली होती, म्हणून ती तपासता आली आणि खोडताही आली. कुष्ठरोगाच्या औषधाबाबत नेमके हेच घडू शकले नव्हते.

एवढ्या प्रवासाला धंद्यातून सवड मिळणे कठीण. म्हणून त्यांनी पंडित पदरी ठेवले आणि त्यांना स्वतःच्या खर्चाने देशभर पाठवले. त्यांतले सर्वांत मोठे नाव जुनागढच्या भगवानलाल इंद्रजींचे. भाऊंनी त्यांना मुंबईला बोलावून घेतले; ठसे कसे घ्यायचे, अक्षरे कशी ताडून पाहायची हे काम दोघांनी बरोबरीने केले. पुढे भगवानलाल स्वतः आंतरराष्ट्रीय कीर्तीचे विद्वान झाले. भाऊंसाठी हस्तलिखिते आणि लेख जमवत ते नेपाळपर्यंत गेले होते. त्या प्रवासातच त्यांना भाऊंच्या निधनाची बातमी कळली.

मुंबईचे सार्वजनिक काम

पदवी मिळून जेमतेम वर्ष झाले होते, तेव्हा म्हणजे १८५२ मध्ये, जगन्नाथ शंकरशेट यांच्या नेतृत्वाखाली बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. भाऊ तिच्या चिटणिसांपैकी एक होते. हिंदी लोकांची गाऱ्हाणी अर्ज करून थेट ब्रिटिश पार्लमेंटपुढे मांडणारी ही मुंबईतली पहिली राजकीय संस्था. पुढे ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा पहिल्या फेलोंत त्यांची नेमणूक झाली.

स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या होत्या. या सोसायटीचे पहिले हिंदी अध्यक्ष भाऊ. मुलींची एक शाळा त्यांच्याच नावाने चालली आणि तिच्यासाठी मित्रांनी, चाहत्यांनी निधी उभारला. बालिकाहत्येवर निबंध लिहिणारा तरुण शिक्षक आणि मुलींच्या शाळेला नाव देणारा डॉक्टर यांच्यात असे सरळ नाते आहे.

नाटकवेड्या गोमंतकीयांना आवडेल अशी एक गोष्ट. विष्णुदास भावे सांगलीहून आपली मंडळी घेऊन १८५३ मध्ये मुंबईला आले, तेव्हा त्यांना आश्रय देणाऱ्यांत शंकरशेट यांच्याबरोबर भाऊ दाजीही होते. मराठी रंगभूमी मुंबईत रुजायला अशा पाठबळाची गरज होती.

संग्रहालयाचे काम त्यांनी डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि शंकरशेट यांच्यासह हाती घेतले. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने सभा झाल्या, वर्गण्या जमल्या, १८६२ मध्ये इमारतीची पायाभरणी झाली. मध्येच पैशाची ओढाताण होऊन काम रेंगाळले. शेवटी २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांसाठी खुले झाले.

ती ओढाताण भाऊंच्या घरातही आली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा वाहू लागला, कंपन्या निघाल्या, शेअरचे वेड शहरभर पसरले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि सगळा डोलारा कोसळला. शहरातल्या मोठमोठ्या लोकांबरोबर भाऊंचीही कमाई त्यात गेली. प्रत्येक गोष्ट तपासून घेणाऱ्या या माणसालाही त्या लाटेपासून दूर राहता आले नाही. मात्र लोकांच्या मनातले त्यांचे स्थान ढळले नाही. यानंतरच, १८६९ आणि १८७१ अशा दोन वर्षी, ते मुंबईचे शेरीफ झाले.

मागे काय उरले

मे १८७४ मध्ये भाऊ गेले. वय पन्नाशीच्या आसपास. अनेक लेख अर्धवट राहिले, ठसे वाचायचे राहिले, आणि कुष्ठरोगाच्या औषधाचा निवाडाही त्यांच्या हातून झाला नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी युरोपातल्या नॉर्वे देशात (आपल्या नार्व्यात नव्हे!) हॅन्सन या डॉक्टरला कुष्ठरोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला होता. रोगाचे कारण सापडायला लागले तेव्हाच भाऊंची वेळ संपली. त्यांचे औषध कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात होणाऱ्या कडू कवठीच्या बियांच्या तेलाचे होते, असे त्यांच्या पश्चात औषधशास्त्राच्या ग्रंथांत सांगितले गेले. याच जातीच्या झाडांचे तेल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर कुष्ठरोगावरचा मुख्य उपचार म्हणून वापरले गेले. १९४० नंतर सल्फोन गटातली अधिक गुणकारी औषधे आली आणि तेल मागे पडले. म्हणजे भाऊंचा शोध योग्य दिशेने चालला होता. आपल्या नोंदी त्यांनी उघड केल्या असत्या, तर बाकीच्यांना त्या वाटेवर पुढे जायला लवकर मदत झाली असती, असे आम्हाला वाटते. मोठ्या माणसाचे चरित्र सांगताना हेही सांगितलेच पाहिजे.

त्यांची हस्तलिखिते भाऊ दाजी स्मृतिसंग्रह म्हणून मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. मुंबई विद्यापीठात संस्कृतसाठी त्यांच्या नावाचे पारितोषिक आहे. माटुंग्याला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. १९७५ मध्ये राणीच्या बागेतल्या संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय असे नाव देण्यात आले. पुढे वास्तूची दुरुस्ती फार निगुतीने झाली आणि तिला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

दोन्ही वैद्यकीय शाळाही टिकल्या. ग्रँट मेडिकल कॉलेज १८६० मध्ये मुंबई विद्यापीठाशी जोडले गेले आणि आजही त्याच आवारात चालू आहे. पणजीची शाळा मुक्तीनंतर, १९६३ मध्ये, गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाली आणि पुढे बांबोळीला गेली. आज पेडणे-डिचोलीतली मुले-मुली तिथे सहज प्रवेश घेतात. भाऊंच्या वेळी हे दार त्यांना अवघड होते. आपल्या मंडळातल्या ज्या घरांत आज डॉक्टर आहेत, त्यांच्या यादीत पहिले नाव मांद्र्याच्या या मूर्तिकाराच्या मुलाचे लिहायला हरकत नाही.

सुट्टीत मुलांना घेऊन राणीच्या बागेत गेलात, तर प्राणी पाहून तसेच परतू नका. संग्रहालयात जरूर जा. तिथे मुंबईतल्या जाती-जमातींच्या, कारागिरांच्या, धंदेवाईकांच्या मातीच्या लहान-लहान प्रतिमा मांडलेल्या आहेत. मुलांना त्या फार आवडतात. त्या पाहताना त्यांना एवढेच सांगा की हे संग्रहालय ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्याचे वडील पेडण्याहून आले होते आणि मातीच्या बाहुल्या करून पोट भरत होते.

डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या स्मृतीस मंडळातर्फे आदरपूर्वक अभिवादन.